घेऊ का?

दादाचा मेसेज आला तेव्हा मी करी रोड स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकलो होतो. पुढचा माणूस हलेना म्हणून फोन उघडला. एक फोटो आणि खाली एक ओळ : ‘सेकंडहँड आहे, आठशे म्हणतोय. घेऊ का?’

आमच्या घरात हा प्रश्न कायम माझ्याकडे येतो. कॉलेजात असताना मी मित्रांना लॅमिंग्टन रोडवरून जुने लॅपटॉप घेऊन द्यायचो, तेव्हापासून माझी तशी ख्याती आहे. त्या रस्त्यावर मी एकच गोष्ट शिकलो : विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, स्क्रूच्या डोक्यांकडे बघायचं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर मशीन उघडलं गेलंय, मग तो ‘एकदम सीलपॅक’ म्हणून कितीही शपथा घेवो. काकूचा मिक्सर, काकाचा फोन, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, सगळं माझ्या नजरेखालून गेलंय. पण या वेळी फोटोत रायफल होती.

स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरून त्यावर आडवी ठेवलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वर दुर्बीण. आठशे म्हणजे डॉलर. दादा टेक्सासमध्ये असतो. 2015 ला एमएसला गेला, आता नोकरी, बायको, दोन वर्षांची मुलगी. मी लालबागला काका-काकूंकडे राहतो आणि लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत कोड लिहितो. आई-बाबा गावाला, देवगड तालुक्यात. तीन ठिकाणी पसरलेल्या या कुटुंबाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण हा मेसेज त्यावर नव्हता. फक्त मला होता.

दिवसभर ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत उभा राहून वाचत बसलो. ब्राउनिंगची बीएआर, शिकारीसाठी बनवलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल. हे मॉडेल 1967 पासून बाजारात आहे. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे सिनेमात दाखवतात तसा धडधड गोळीबार नाही. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पण त्या गोळीमागच्या दाबलेल्या वायूतला थोडा भाग एका पिस्टनला ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि पुढचं आपोआप जागेवर येतं. हात हलवावा लागत नाही, डोळा दुर्बिणीवरून काढावा लागत नाही. पुन्हा ट्रिगर दाबायचा, बस. यंत्र म्हणून मला ते फारच आवडलं. उगाच खोटं कशाला बोलू?

मी दादाला यादी पाठवली. नळीत उजेड टाकून आतल्या आट्यांचा फोटो काढ. नळीच्या तोंडाला कुठे टवका उडालाय का बघ. गॅसच्या पिस्टनवर काजळीचा थर किती? मॅगझिन मूळचंच आहे का? खांद्याला टेकतो तो रबर कडक होऊन तडकलाय का? आणि स्क्रूच्या डोक्यांचे क्लोजअप पाठव.

त्याने अकरा फोटो पाठवले. विकणारा त्याच्या ऑफिसातला निवृत्तीला आलेला माणूस. खांद्याचं ऑपरेशन झालं म्हणून विकतोय, आणि पाहून ठरव म्हणून चार दिवस याच्याकडे ठेवून गेलाय. स्क्रू अगदी कोरे होते. वस्तू चांगली होती. मी ‘चांगली आहे’ असं टाइपही केलं. मग गंज दिसतोय का म्हणून पहिला फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, तेव्हा टेबलाच्या कडेला पुतणीचा गुलाबी कप दिसला. दोन कानांचा, झाकणाला चोच असलेला.

टाइप केलेलं मी पुसून टाकलं.

दादाला रायफल हवी होती ती डुकरांसाठी. टेक्सासमध्ये रानडुकरं उच्छाद मांडतात. ती तिथली मूळची नाहीत. स्पॅनिश लोकांनी काही शतकांपूर्वी नेलेली पाळीव डुकरं रानात पळाली, पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांचा हा सगळा गोतावळा. दादाच्या एका मित्राच्या सासऱ्यांचं तिथे शेत आहे. हे लोक शनिवारी रात्री तिथे जातात. दादा दोनदा नुसता बघायला गेला होता.

कायद्याची तिथली गंमत ऐका. 2019 पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ही डुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. पण दादा एच-वन-बी वर आहे, आणि अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे. त्याला अपवाद आहे : तुमच्याकडे शिकारीचा वैध परवाना असेल तर चालतं. म्हणजे डुक्कर मारायला परवाना नको, पण बंदूक घ्यायला शिकारीचा परवाना हवा. दादाने तो काढला होता. त्यासाठीचा सुरक्षिततेचा कोर्सही केला होता. मुलगा सगळं नियमाने करत होता, आणि तरी ग्रुपवर न टाकता मला एकट्यालाच विचारत होता.

का, ते मला माहीत होतं. कारण त्याच आठवड्यात बाबांनीही मला एक बंदूक घ्यायला सांगितली होती.

आमच्या घरातली बंदूकही सेकंडहँडच. बाबा परळच्या मिलमध्ये होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे. संपात अडीच लाख कामगार होते आणि संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही, हे तुम्ही वाचलं असेल. लालबागची खोली लहान काकाकडे ठेवून बाबा गावाला परतले आणि पड टाकलेले कुणगे पुन्हा लावायला लागले. भात पोटरीत आलं की डुकरं यायची. एका रात्रीत कळप उतरला की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसतं. खातात त्याच्या कितीतरी पट लोळवतात. 1987 मध्ये बाबांनी शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याकडून ठासणीची बंदूक विकत घेतली. त्याचे मुलगे मुंबईला होते, कोणाला ती नको होती. रीतसर शेतीसंरक्षणाचा परवाना काढला, बंदूक बाबांच्या नावावर झाली. 1959 चा शस्त्र कायदा उघडून बघितलात तर त्यात ही बंदूक चक्क सापडते : खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. कोकणात हजारोंच्या तोंडी असलेला शब्द दिल्लीच्या कायद्यात बघून मला उगाचच बरं वाटलं.

ठासणीची बंदूक पाहिली नसेल त्यांच्यासाठी : हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि प्रत्येक वेळी लोखंडी गजाने ठासायचं. मागे एक बारीक केप बसवायची. घोडा पडला की केप पेटते, तिची ठिणगी दारूला लागते. एक बार झाला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. अंधारात, दवात भिजलेल्या हातांनी, डुक्कर कुठल्या कुठे गेल्यावर. बंदुकीला खांद्यावर अडकवायला विकत घेताना पट्टा नव्हता. मिलमधून आणलेली जाड सुती पट्टी बाबांच्या ट्रंकेत होती, ती त्यांनी दुहेरी शिवून लावली. मिलमधून शेवटी त्यांच्या हाती तेवढंच आलं असं ते म्हणायचे. आई म्हणायची, तीही चोरून आणलेली.

दादा बारावीनंतर मुंबईला गेला, त्यामुळे बंदुकीसोबत रात्री जागायचं काम माझ्यावर आलं. माझं काम बॅटरी धरणं. बाबा म्हणाले की पेटवायची, त्याआधी नाही.

2010 साल, दसरा होऊन गेला होता. मी तेरा वर्षांचा. त्या वर्षी डुकरांनी आमचे तीन कुणगे साफ केले होते आणि बाबांचं डोकं फिरलं होतं. एरवी ते आभाळाकडे नळी करून बार काढायचे. आवाजानेच डुकरं पळतात, आणि रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या रात्री मांगरातून निघतानाच ते म्हणाले होते, आज सोडायचं नाही. बॅटरी पेटवली की पळतात, म्हणून आज बॅटरीही नको.

चंद्र नव्हता. खालच्या कुणग्यात खसखस ऐकू आली. मेरेच्या पलीकडे काहीतरी काळं, बुटकं, खाली वाकलेलं हलत होतं. बाबांनी बंदूक खांद्याला लावली. मी त्यांच्या उजव्या हाताला इतका चिकटून होतो की त्यांचा श्वास थांबल्याचं मला कळलं. घोडा पडला.

टक्.

एवढंच. केप पेटलीच नाही. पावसाळाभर दमट हवेत पडलेली केप असावी. बाबा तोंडातल्या तोंडात शिवी घालून दुसरी केप शोधायला खिशात हात घालणार, एवढ्यात मेरेपलीकडून खोकल्याचा आवाज आला. माणसाचा.

“कोण असा रे?” बाबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

“मी रे, मी! म्हस सुटली हा, ती बघूक इलंय.”

आमचे शेजारी. वाकून म्हशीचा दोर चाचपडत होते. ते मेरेवर येऊन बसले, बाबांकडे बिडी मागितली, म्हशीला शिव्या दिल्या आणि गेले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. बाबांनी त्यांना बिडी दिली, पण काडी त्यांना ओढता येईना, ती मी ओढली. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, “आवशीक सांगा नको.”

मी आईला सांगितलं नाही. दादालाही नाही. ते शेजारी अजून आहेत. दर मे महिन्यात मी गावाला गेलो की फणस घेऊन येतात आणि मुंबईत पाण्याचं कसं काय विचारतात. हे लिहिण्याआधी मी बाबांना फोन करून विचारलं, चालेल का? थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो काय मोबाईलार वाचूचो नाय.” ही परवानगी आहे असं मी धरून चाललोय.

त्या रात्रीनंतर बाबांची बंदूक कायम आभाळाकडेच राहिली. मोठा झाल्यावर मला हे ध्यानात आलं : पुढची चौदा वर्षं आमच्याकडे होता तो सरकारी परवान्याचा एक सुतळी बॉम्ब. दर वर्षी शस्त्रतपासणी, मुदत संपली की नूतनीकरण, आणि निवडणूक लागली की बंदूक नेऊन पोलीस ठाण्यात जमा. 2024 मध्ये हे दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, आमच्याकडे मतदान 7 मेला झालं, निकाल 4 जूनला. देवगडात आंब्याचा हंगाम नेमका याच काळात असतो आणि वानरांना तो बरोबर कळतो. (वानर तसंही कोणी मारत नाही, मारुती आहे तो. पण बाराला घाबरतो.) मग ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, भात कापणीला आलं असताना.

आणि आता परवान्याची मुदत संपत आली. बाबांचं वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. जानेवारीत फोनवर म्हणाले, “माका आता रात्रीचा दिसना नाय. तुझ्या नावार करून घे.”

मी आधी नियम वाचले. इंजिनिअर माणूस, डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय हात लावत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत याची सोय आहे : परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. आम्ही दोन्ही अटींत बसत होतो. मोठा मुलगा परदेशात, म्हणजे मी. नव्या परवानाधारकाला शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो, पोलीस चौकशी होते. शस्त्र सुरक्षित कुठे ठेवणार याचं हमीपत्र द्यावं लागतं.

इथे मी अडकलो. मी राहतो लालबागला. दहा बाय पंधराची खोली, तिचा माळा म्हणजे माझी बेडरूम. काकूचं गोदरेजचं कपाट आहे, पण त्याची किल्ली कपाटालाच लटकलेली असते, आणि शनिवार-रविवारी चुलत बहिणीची दोन मुलं त्याच कपाटाशी लपाछपी खेळतात. गणपतीत आमच्या गॅलरीतून निम्मी मुंबई जाते. इथे मी बंदूक ठेवणार? आणि गावाला ठेवायची तर नाव माझं आणि बंदूक बाबांच्या हातात, तो सरळसरळ गुन्हा.

तरीही मला ती घ्यावीशी वाटत होती. हे मान्य करायला मला वेळ लागला. दादाच्या अकरा फोटोंनी माझ्या डोक्यात काहीतरी चाळवलं होतं. एका शनिवारी मी काळबादेवीच्या बाजूला बंदुकांच्या एका जुन्या दुकानात गेलो. काचेमागे बारा बोअरच्या दुनळी, एअर रायफली आणि अनेक वर्षं कोणी हात न लावलेली कातडी म्यानं. गल्ल्यावरच्या काकांना मी सेमी-ऑटोमॅटिक रायफलबद्दल विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मेदूवड्याच्या दुकानात सुशी मागितली असावी.

“ती दिल्लीची गोष्ट,” ते म्हणाले. “तुम्ही काय करता?”

सॉफ्टवेअर, म्हटलं.

“मग छर्ऱ्याची घ्या. डोकं शांत होतं.”

ते बरोबर सांगत होते. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक रायफल शस्त्रांच्या पहिल्या श्रेणीत मोडते, तिचा परवाना कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त देऊ शकत नाहीत, तो केंद्राच्या हातात. आणि शिकार म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खेळ म्हणून शिकार उरलेलीच नाही. दादा ज्या वस्तूला ‘घेऊ का’ विचारत होता, ती मला विचारायचीही सोय नव्हती. त्याने मला हलकं वाटलं की चीड आली, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

काकांचं ऐकून मी मित्राबरोबर एका रेंजवर एअर रायफल चालवून बघितली. 4.5 मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरवर कागद, आणि त्या कागदावर मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. ही एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण घेऊन कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमच्या ऑफिसात मीटिंग थांबवून सगळ्यांनी ते पाहिलं होतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अंजली भागवत तर आमच्या शेजारची, दादरच्या कीर्ती कॉलेजातून एनसीसी करत या खेळात आलेली. हे सगळं डोक्यात ठेवून मी उभा राहिलो. दहापैकी दोन छर्रे कागदाच्या बाहेर गेले. पण सातव्या छर्ऱ्याच्या वेळी श्वास सोडून थांबलो, बोट आपोआप मागे आलं, आणि त्या एका सेकंदात डोक्यात काहीही नव्हतं. ना स्प्रिंट, ना रेटिंग, ना भाडं.

श्वास थांबलेला. मग मला बाबांचा थांबलेला श्वास आठवला, आणि उरलेले तीन मी मित्राला दिले.

त्या रात्री मी दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे सकाळ होती, मागे पुतणी सीरिअल सांडत होती. त्याला वाटलं मी स्क्रूंबद्दल बोलणार. मी त्याला खालच्या कुणग्यातली गोष्ट सांगितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “काका खोकले नसते तर?”

मीही हाच प्रश्न इतकी वर्षं फिरवून फिरवून बघितलाय. खोकले नसते तर बाबांनी दुसरी केप लावली असती. दुसरी बहुतेक पेटलीही असती. मध्ये आठ-दहा सेकंद होते, तेवढ्यात म्हातारा खोकला. यंत्राच्या बाजूनेही मी विचार करून झालोय. खरं तर पहिलं काडतूस फुसकं गेलं तर सेमी-ऑटोमॅटिकही तिथेच थांबते, पुढचं भरायला हात लावावा लागतो. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की आजचं काडतूस दमट हवेत फुसकं जात नाही. दादाला मी हेच सांगितलं : मी ती रायफल तपासली, तिच्यात काहीही बिघाड नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. बाबांच्या बंदुकीत बिघाड होता म्हणून आपण फणस खातोय.

“तिकडे थर्मल स्कोप असतात,” तो म्हणाला. “अंधारात माणूस माणूस दिसतो.”

असेल. मी वाद घातला नाही. फक्त विचारलं की फोटोतला तो गुलाबी कप टेबलावर किती वेळ होता. तो म्हणाला, कुठला कप?

घेऊ नको असं मी त्याला म्हटलं नाही. माझ्या तोंडी ते शोभलं नसतं. त्याच्याकडे मित्राचं शेत आहे, कायदा त्याच्या बाजूने आहे, आणि कदाचित त्यालाही शनिवारची एक रात्र हवी असेल, जिथे त्याला कोणी त्याच्या ग्रीन कार्डचं विचारत नाही. गावाला रात्री जागायची त्याची पाळी कधी आलीच नव्हती. मला कधीकधी वाटतं की तो तीच भरून काढतोय. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला : ‘ती दुसऱ्याने घेतली. मी आधी लॉकर घेतोय. मग बघू.’ खाली लॉकरचा फोटो. तोही सेकंडहँड. ‘कुलूप नीट आहे का सांग.’

मग माझी पाळी होती. फेब्रुवारीत दोन दिवस सुट्टी घेतली आणि दादरहून रात्रीची तुतारी पकडली. सकाळी कणकवलीला उतरून एसटीने घरी. बाबा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. मी पिशवीतून फॉर्म काढले. बंदूक कुठाय म्हणून विचारलं, तर म्हणाले, पोलीस ठाण्यात.

“अजून?”

विधानसभेच्या वेळी जमा केलेली बंदूक त्यांनी परत आणलीच नव्हती. ठाण्यातून दोनदा फोनही आला होता. आईने स्वयंपाकघरातून सांगितलं की यंदा खालचे कुणगे लावलेच नव्हते. लावणीला माणसं मिळाली नाहीत, मिळाली ती परवडली नाहीत, आणि मग बाबा म्हणाले राहू दे. हे मला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. मी विचारायचो ते तब्येत, नेट येतं का, गॅस आला का.

मी खाली जाऊन आलो. जिथे मी बॅटरी घेऊन उभा राहायचो तिथे कमरेएवढं गवत होतं. मेर ओळखूही येत नव्हती. डुकरांच्या उकरल्याच्या खुणा होत्या, पण त्यांनाही त्यात काही सापडत नसावं.

दुपारी ओटीवर बसून मी फॉर्म उघडला. परवाना कशासाठी हवा, तो रकाना आला आणि पेन थांबलं. शेतीसंरक्षण. कुठली शेती? बाबा माझ्याकडेच बघत होते.

“माझ्याच्यान नाय जमूचा, बाबा,” मी म्हटलं. मुंबईत बोलताना माझं मालवणी अडखळतं, तिथे नाही. “मी हयसर रवनय नाय. नाव लावून काय करू?”

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी हातातली सुपारी पुरी सोलली.

“भात पेरूचाच नाय तर बंदूक कित्याक व्हयी?” ते म्हणाले. हे ते मला सांगत होते की मला विचारत होते, ते मला कळलं नाही. तेवढं बोलून ते उठले आणि शर्ट घालायला आत गेले.

ठाण्यातला हवालदार तरुण होता, माझ्याच वयाचा. त्याने बंदूक आणून टेबलावर ठेवली. घोड्याला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा, त्यावर बाबांचं नाव आणि परवान्याचा नंबर. मी सवयीने आधी स्क्रूंकडे पाहिलं. सगळे झिजलेले. 1987 मध्ये ती आमच्या घरी आली तेव्हाच झिजलेले असणार. परवाना रद्द करून शस्त्र कायमचं जमा करायचा अर्ज मी लिहिला, बाबांनी सही केली. त्यांची सही अजून मिलच्या पगारपत्रकावर करायचे तशीच आहे, आडनावाखाली दोन रेघा.

अर्ज देऊन झाला तरी ते उठेनात.

“तो पट्टो माझो आसा,” ते हवालदाराला म्हणाले. “बंदुकीवांगडा नाय इल्लो. तो माका दी.”

हवालदाराने पुठ्ठा पाहिला, मग रजिस्टर उघडून बोट फिरवत खाली गेला. “काका, जमा करताना पट्ट्यासकट लिहिलंय. एक नग, पट्ट्यासह.”

बाबांनी हात पुढे करून पट्ट्याची शिवण अंगठ्याने चाचपली. दुहेरी शिवण, एका जागी उसवलेली.

“मग सायबाक विचार,” ते म्हणाले, आणि खुर्चीत नीट सरसावून बसले. साहेब जेवायला गेले होते. मी बाहेर जाऊन तीन चहा सांगून आलो.